कनेक्टिंग रॉडवरून मोटर हाउसिंगवर: भोसरीतल्या क्वालिटीवालीचं करिअर प्लॅनिंग

पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात ज्यांचं पोट इंजिनच्या पार्टवर आहे त्यांनी ईव्ही (बॅटरीवरच्या गाड्या) येत असताना पुढचं प्लॅनिंग कसं करायचं यावर मराठीत फारसं काही सापडत नाही, जे असतं ते सगळं आयटीवाल्यांसाठी असतं, म्हणून मी स्वतः काय काय केलं ते जरा सविस्तर लिहितेय. मी डिप्लोमा मेकॅनिकल, गाव कराडकडचं. डिप्लोमा झाल्यावर अप्रेंटिस म्हणून भोसरीत आले आणि तिथेच क्वालिटीला लागले. कंपनी दुचाकीचे कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) करायची, थोडे रॉकर आर्म. स्मॉल एंड, बिग एंड (रॉडच्या दोन टोकांची भोकं), सेंटर डिस्टन्स, बेंड-ट्विस्ट, एअर गेज, एवढंच माझं जग होतं आणि ते मला मनापासून आवडायचं.

आता कोणी म्हणेल की आत्तापासून एवढी घाई कशाला. बरोबरच आहे, 2024-25 मध्ये सुद्धा देशात विकलेल्या शंभर दुचाकींत जेमतेम सहा इलेक्ट्रिक होत्या, म्हणजे पेट्रोलचं इंजिन काही उद्या बंद पडत नाही. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 (गाडीच्या धुराचे नवे नियम) लागू झालं त्याआधी तर आमच्याकडे उलट कामाचा ढीग होता, नवीन ड्रॉइंग, टाइट झालेले टॉलरन्स, सगळे पीपीएपी (कस्टमरकडून पार्ट मंजूर करून घ्यायची फाइल) नव्याने. पण त्यानंतर हळूहळू एक गोष्ट मला दिसायला लागली आणि ती पेपरातल्या बातम्यांतून दिसत नाही, ती क्वालिटीत बसणाऱ्यालाच दिसते. चालू पार्टचं शेड्यूल व्यवस्थित येत होतं, पण नवीन डेव्हलपमेंटचे सॅम्पल यायचे थांबले. आधी दर दोन-तीन महिन्यांनी कुठला तरी नवीन रॉड ट्रायलला असायचा, त्याचं लेआउट इन्स्पेक्शन, त्याचा गेज, त्याचा कंट्रोल प्लॅन, सगळं माझ्याकडून जायचं. ते बंद. चालू पार्ट पाच-सात वर्षं सहज चालतो, पण नवीन आरएफक्यू (नव्या पार्टसाठी भावाची चौकशी) येत नाही म्हणजे त्या पाच-सात वर्षांनंतर काय ते आजच ठरलेलं असतं. माझ्या मते कुठल्याही कारखान्यातल्या माणसाने आधी हेच बघावं, आज किती माल जातोय ते नाही, नवीन काय डेव्हलप होतंय ते.

आणि आमच्या घरात प्रश्न दुप्पट होता, कारण नवरा पण इंजिन लाइनवरच आहे, मेंटेनन्सला. मोशीत फ्लॅट घेतलाय, त्याचा हप्ता, मुलगी शाळेत, सासूबाई आमच्याकडे. दोघांचे पगार एकाच गोष्टीवर अवलंबून आहेत हे जेव्हा एका रात्री दोघांनी बसून बोललो तेव्हा ठरवलं की दोघांनी एकदम उड्या मारायच्या नाहीत, आधी एकाने सरकायचं, दुसऱ्याने तोपर्यंत नोकरी घट्ट धरून ठेवायची. आधी मी, कारण माझ्या कामातलं काय काय दुसरीकडे चालेल ते आम्हाला लवकर कळण्यासारखं होतं. त्यांचं मेंटेनन्सचं काम त्या लाइनच्या मशिनींना जास्त चिकटलेलं.

सल्ले भरपूर आले. दीर हिंजवडीत आहे, तो म्हणाला वहिनी पायथन शिक, डेटा अॅनालिटिक्स कर. तो तळमळीने सांगत होता पण त्याच काळात त्याच्याच मित्रांचे ऑफर लेटर पुढे ढकलले जात होते, आणि मला बावीस वर्षांच्या पोरांबरोबर फ्रेशर म्हणून रांगेत उभं राहायचं नव्हतं. जी दहा-बारा वर्षं मी मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजण्यात घालवली ती शून्य धरून कुठे जायचं यात मला शहाणपण दिसत नव्हतं. मग ते ईव्हीचे कोर्स. चिंचवड स्टेशनपासून निगडीपर्यंत किती बोर्ड लागलेत बघा, शंभर टक्के प्लेसमेंट, चाळीस हजार, साठ हजार फी. मी जिथे जिथे गेले तिथे तीनच गोष्टी विचारायचे: मागच्या बॅचमधल्या कोणाशी फोनवर बोलणं करून द्याल का, हाताने काम करायला कुठलं मशिन किंवा कुठलं सॉफ्टवेअर मिळणार, आणि प्लेसमेंट नाही झाली तर फी परत हे लेखी द्याल का. बहुतेक ठिकाणी पहिल्याच प्रश्नाला मॅडम तुम्ही आधी अॅडमिशन तर घ्या अशी सुरुवात व्हायची. मग मी निघायचे.

खरं काम सुरू झालं ते वहीवर. दोन आठवडे मी रोज शिफ्ट संपल्यावर लिहायचे की आज कुठल्या कामाला किती वेळ गेला. आणि प्रत्येक कामापुढे एक खूण करायचे, हे काम कनेक्टिंग रॉड नसला तर उरेल का. तुम्हाला सांगते, हे लिहिताना माझे डोळे उघडले. मी स्वतःला कनेक्टिंग रॉडची बाई समजत होते, पण रॉडशी बांधलेलं काम म्हणजे बेंड-ट्विस्टचा फिक्स्चर, रॉडचे ठरलेले डिफेक्ट, त्या एका कस्टमरच्या सवयी, एवढंच होतं. बाकी सगळं म्हणजे जीडी अँड टी (ड्रॉइंगवरच्या आकार-जागेच्या टॉलरन्सच्या खुणा) वाचणं, गेज आर अँड आर (मोजणं किती भरवशाचं आहे ते तपासणं) करणं आणि तो दहा टक्क्यांच्या आत का येत नाहीये ते शोधणं, सीपीके (प्रोसेस टॉलरन्समध्ये किती पक्की बसते त्याचा आकडा) 1.67 मागितलाय आणि 1.4 मिळतोय तर प्रोसेसमध्ये नक्की कुठे हात घालायचा, पीपीएपीची फाइल, कस्टमर कम्प्लेंट आली की एटडी (मूळ कारण शोधायचा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट), आयएटीएफच्या (वाहन उद्योगाच्या क्वालिटी स्टँडर्डच्या) ऑडिटला उत्तरं देणं, हे कुठल्याही पार्टला लागतंच. गाडी बॅटरीवर चालो नाहीतर डिझेलवर, मोजल्याशिवाय माल पुढे जात नाही.

मग जाहिराती. नोकरीच्या साइटवर चाकण, तळेगाव, रांजणगाव, भोसरी टाकून क्वालिटीच्या जेवढ्या सापडतील तेवढ्या जाहिराती मी काढल्या आणि त्यातले शब्द वहीत उतरवून पुढे रेघा मारत गेले. सीएमएम (प्रोबने पार्टला स्पर्श करून मापं घेणारं कॉम्प्युटरवरचं मशिन) प्रोग्रामिंग सगळ्यात वर आलं, त्याची सॉफ्टवेअर म्हणजे पीसी-डीएमआयएस किंवा कॅलिप्सो. त्याच्या खाली जीडी अँड टी, पीपीएपी, एटडी, जे मला येतच होतं. आणि मग काही शब्द असे की जे रॉडच्या कामात मी कधी वापरले नव्हते, लीक टेस्टिंग, पोरोसिटी (कास्टिंगमधली बारीक छिद्रं), अॅल्युमिनियम एचपीडीसी (जास्त दाबाने केलेलं कास्टिंग), क्लीनलिनेस. म्हणजे दोन याद्या आपोआप तयार झाल्या, माझ्याकडे काय आहे आणि काय कमी आहे. आणि कमी असलेली यादी वाटलं होतं त्यापेक्षा खूप लहान होती.

पण जाहिरातीत अर्धंच खरं असतं, उरलेलं माणसांकडून काढावं लागतं, आणि त्यासाठी एचआरपेक्षा दोन माणसं फार कामाची. एक म्हणजे कॅलिब्रेशनला येणारे काका आणि दुसरा इन्सर्ट (कटिंग टूलची बदलायची टोकं) विकणारा सेल्समन. हे दोघं रोज वेगवेगळ्या कंपनीत जातात, कोणी नवीन सीएमएम घेतलाय, कोणाच्या लाइनवर ताडपत्री टाकलीय, कोणाचं शेड उभं राहतंय, सगळं यांना माहीत. टूलिंगवाल्या दादाने मला एक गोष्ट सांगितली ती कुठल्याही रिपोर्टपेक्षा मोलाची होती. तो म्हणाला, ताई, स्टील टर्निंगचे इन्सर्ट तुमच्याकडे पूर्वीइतके जात नाहीत, पण पीसीडी टूलची मागणी बघा कुठे वाढलीय. पीसीडी म्हणजे कृत्रिम हिऱ्याची धार असलेलं टूल, ते वाढलं म्हणजे अॅल्युमिनियमचं मशिनिंग. मोटर हाउसिंग, इन्व्हर्टरचं केसिंग, बॅटरीची कूलिंग प्लेट, हे सगळं अॅल्युमिनियम. कोणत्या चार-पाच कंपन्या पीसीडी घेतायत ते त्याने बोलता बोलता सांगितलं आणि माझी अर्ज करायची यादी तिथेच तयार झाली.

पर्याय तीन होते माझ्यापुढे. बॅटरी पॅक, पीएलसी-ऑटोमेशन (मशिन आपोआप चालवणारा कंट्रोलर) आणि सीएमएम. बॅटरीत इलेक्ट्रिकल-केमिस्ट्रीचा पाया लागतो, मी एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर) एक कोर्स फुकटात ऐकला, समजायला छान होता, पण त्यावर नोकरी म्हणजे परत फ्रेशरचा पगार, हप्ता कसा भरणार. पीएलसी चांगलंच आहे पण ते हातात पॅनल असल्याशिवाय येत नाही. सीएमएम आमच्याच कंपनीत एसी रूममध्ये होता, रोज त्याच्या शेजारून जात होते.

मॅनेजर साहेबांना सरळ विचारलं. फर्स्ट शिफ्ट साडेतीनला सुटते, त्यानंतर मी दीड-दोन तास थांबते, मला प्रोग्रामिंग शिकायचंय, ओव्हरटाइम नको. ते म्हणाले शिकून जाशील. मी म्हटलं सर, कदाचित जाईन, पण जोपर्यंत आहे तोपर्यंत तुमचा ऑपरेटर रजेवर गेला की मशिन बंद राहणार नाही. त्यांनी दोन दिवस घेतले आणि हो म्हणाले. मला वाटतं लपवून शिकण्यापेक्षा हे बरं पडलं, कारण पुढे रेफरन्स चेक आला तेव्हा त्यांनी माझ्याबद्दल चांगलं सांगितलं. ऑपरेटर भाऊ पण भला माणूस, अलाइनमेंट कशी घ्यायची, तीन-दोन-एक (पार्टची जागा पक्की करायला तीन, दोन आणि एक पॉइंट घ्यायची पद्धत), प्रोब कॅलिब्रेट करताना रूबीचा बॉल आधी पुसून का घ्यायचा, त्याने हाताला धरून शिकवलं. नंतर वीकेंडचा एक पेड कोर्स केला, तो मात्र जिथे खरा सीएमएम बसवलेला होता तिथेच. या काळात घरचं सासूबाईंनी ओढलं, मुलीचा अभ्यास, तिचं खाणंपिणं, हे सगळं त्यांनी केलं म्हणून झालं आणि हे लिहिल्याशिवाय मला पुढे जायचंच नाहीये.

पैशाचं पण आधी मांडून ठेवलं. सहा महिन्यांचा हप्ता आणि किराणा-शाळा एवढी रक्कम वेगळ्या एफडीत, तिला हात लावायचा नाही. ग्रॅच्युइटी किती बसते ते काढलं, शेवटचा बेसिक अधिक डीए, भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. बऱ्याच जणांना आपली ग्रॅच्युइटी किती होते ते माहीतच नसतं, काढून बघा, नोकरी बदलायचा निर्णय घेताना मनाला आधार मिळतो. पीएफ काढायचा नाही, ट्रान्सफर करायचा हे पण तेव्हाच ठरवलं.

इंटरव्ह्यूचा अनुभव संमिश्र. दोन ठिकाणी माझं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी प्रश्न एकच, लेडीज सेकंड शिफ्टला चालतील का. अहो, बस असेल तर मी येईन ना, रात्री साडेबाराला चाकणहून मोशीला मी एकटी कशी येणार, सोय तुम्ही करायची असते. तिथे पुढे काही झालं नाही. कामाबद्दल एकही प्रश्न न विचारता नुसतं शिफ्टवर बाईला नाकारतात याचा मला आजही मनस्ताप होतो, कारण क्वालिटीत हात बसलेल्या कितीतरी मुली या एका प्रश्नावर घरी बसल्यात. आणखी एक ठिकाण नुसत्या ईव्हीचं होतं, पगार चांगला देत होते. तिथे मी गेले नाही. जून 2023 मध्ये फेम-2 ची (केंद्राच्या ईव्ही योजनेची) दुचाकीवरची सबसिडी कमी केली, बॅटरीच्या किलोवॅट-तासाला 15 हजारांवरून 10 हजार आणि गाडीच्या किमतीच्या 40 टक्क्यांची मर्यादा 15 टक्क्यांवर, तेव्हा अशा कंपन्यांचं शेड्यूल एका महिन्यात कसं खाली आलं ते सेल्समन दादाने सांगितलेलं लक्षात होतं. सरकारच्या एका नोटिफिकेशनवर ज्याचं शेड्यूल हलतं तिथे घराचा हप्ता बांधायचा नाही असं मी ठरवलं. मला असा सप्लायर हवा होता जो दोन्ही करतो, इंजिनचं पण आणि मोटरचं पण. बाजार इकडे झुकला काय अन् तिकडे, त्याचा सीएमएम चालूच राहणार.

अशी एक कंपनी चाकणमध्ये सापडली. तिथे इंटरव्ह्यूत तोंडी कमी आणि हाताने जास्त होतं, त्यामुळे ते नीट सांगते. मला मोटर हाउसिंगचं एक कास्टिंग दिलं, मशिनिंग झालेलं, नुकतंच वॉशिंग मशिनमधून बाहेर काढलेलं, हाताला कोमट लागत होतं. म्हणाले स्टेटर बोअर (मोटरचा न फिरणारा भाग बसतो ते भोक) मोजून द्या. मी हातात घेतलं आणि परत ट्रेमध्ये ठेवलं, म्हटलं सर हे रूममध्ये थोडा वेळ राहू दे, तोवर मी प्रोग्राम बघते. कारण साधं आहे. मापं 20 डिग्रीला धरलेली असतात. अॅल्युमिनियम एका डिग्रीला मीटरमागे साधारण 23 मायक्रॉन वाढतं, स्टीलच्या दुप्पट. आमच्या रॉडचा बिग एंड 40 मिमीचा, दहा डिग्री गरम असला तरी चार-पाच मायक्रॉनचा फरक, तो मी इतकी वर्षं खपवून घेतलेला. पण इथे बोअर 200 मिमीचा. दहा डिग्रीला 46 मायक्रॉन, आणि 200 ला एच7 (भोकाच्या मापाचा ठरलेला टॉलरन्स ग्रेड) चा सगळा टॉलरन्सच 46 मायक्रॉन. म्हणजे कोमट पार्ट मोजला तर चांगला पार्ट रिजेक्ट, किंवा त्याहून वाईट, खराब पार्ट पास. मग मी प्रोग्राममध्ये टेंपरेचर कॉम्पेन्सेशनला मटेरियल कुठलं टाकलंय ते उघडून बघितलं, स्टीलचा आकडा होता, तो बदलला. क्लॅम्प पण सैल केले, कारण हाउसिंगची भिंत पातळ, दाबून धरलं की बोअर अंडाकृती होतो आणि सोडलं की परत गोल, आणि आपण मात्र रिपोर्टवर राउंडनेस आउट म्हणून लाल शाई मारतो. तिथले क्वालिटी हेड शेजारी उभं राहून बघत होते, त्यांनी एकच विचारलं, आधी अॅल्युमिनियमवर काम केलंय का. मी म्हटलं नाही सर, स्टीलवरच केलंय, पण आकडेमोड तीच आहे.

ऑफर आली. सीटीसी आकडा मोठा दिसत होता, हातात येणारा पगार जवळपास आधीइतकाच. त्यावर मी घाई केली नाही, दोन गोष्टी विचारून घेतल्या. एक, पेरोल कंपनीचाच ना, थर्ड पार्टी नाही ना. दोन, सेकंड शिफ्टला बस लेखी द्या. दोन्ही मिळालं. पगाराला थोडं कमी-जास्त चालेल पण थर्ड पार्टीवर जाऊ नका असं मी सगळ्यांना सांगते, मंदी आली की पहिला फोन त्यांनाच जातो.

आता नवीन कामात बरंच काही शिकतेय. गिअरचं तर वेगळंच जग आहे. पेट्रोल गाडीत गिअरचा बारीक आवाज इंजिनच्या आवाजात झाकला जातो, ईव्हीत झाकायला इंजिनच नाही, त्यामुळे दाताच्या प्रोफाइलमध्ये एक-दोन मायक्रॉनची लाट जरी असली तरी ग्राहकाला शिट्टी ऐकू येते आणि कम्प्लेंट थेट आमच्या टेबलावर. म्हणजे इथे मोजायचं काम वाढलंय. लीक टेस्ट हाताखाली आलीय, एक्स-रेवर पोरोसिटी बघायला शिकले. हे सगळं लिहायचं कारण एवढंच की इंजिनचा पार्ट गेला म्हणजे आपण पण गेलो अशी जी भीती आमच्या टपऱ्यांवर रोज बोलली जाते, ती क्वालिटीवाल्यांच्या बाबतीत तरी तशीच्या तशी खरी नाही, आणि टूलरूम, मेंटेनन्स, फिक्स्चर डिझाइन यांच्या बाबतीत पण नसावी असं मला मनापासून वाटतं. फोर्जिंगच्या हॅमरवरच्या किंवा पिस्टन रिंगच्या लाइनवरच्या ऑपरेटरचं मात्र तसं नाही. त्यांना कोणी दोन तास सीएमएमवर बसू देणार नाही, आणि त्यांच्यासाठी कंपन्यांनी आणि आयटीआयनी मिळून काही केलं नाही तर ते खरंच अडचणीत आहेत. याबद्दल बोललं जायला हवं, नुसतं रिस्किलिंग रिस्किलिंग म्हणून होत नाही, शिफ्टमध्ये वेळ आणि हातात मशिन द्यावं लागतं.

इथेही मी निवांत बसलेली नाही. लाइनवरच मोजणाऱ्या गेज आल्यात, ब्लू लाइट स्कॅनर आलेत, पूर्ण पार्ट काही मिनिटांत स्कॅन होतो. उद्या नुसता प्रोग्राम चालवणारा माणूस लागणार नाही, काय मोजायचं, कुठल्या डेटमपासून (संदर्भाच्या पृष्ठापासून) मोजायचं आणि आकडा चुकीचा येतोय हे ओळखणारा लागेल. म्हणून दर सहा महिन्यांनी परत त्याच जाहिराती काढते, त्याच रेघा मारते. यावेळी स्कॅनिंग सॉफ्टवेअरच्या रेघा वाढल्यात, तर कंपनीतल्या स्कॅनरवर बसायची परवानगी मागितलीय.

आणि आता पाळी नवऱ्याची. त्यांनी पण तशीच वही केली, त्यात निघालं की मशिन उघडून दुरुस्त करण्यापेक्षा सर्वो ड्राइव्ह आणि पीएलसीचे फॉल्ट शोधण्यात त्यांचा अर्ध्याहून जास्त वेळ जातो, जे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. रविवारी पीएलसीचा क्लास बघून आलोय, पॅनल हाताळायला देतात, मागच्या बॅचच्या दोन मुलांशी फोनवर बोलणं पण झालंय. फी दोन हप्त्यांत घेतील का एवढंच विचारायचं राहिलंय, सोमवारी फोन करणार आहोत.